ब्रेकचा आकडा

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत असले तरी त्यांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. बसडेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगाला लागून एक खोली होती. दारावर 'नोंदयंत्र विभाग' अशी पाटी, आत एक टेबल, दोन खुर्च्या, तीन कपाटं आणि मास्तर. एवढाच काय तो विभाग! पण डेपोतले पाऊणशे ड्रायव्हर ज्या खोलीला वचकून असायचे ती हीच.

प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली एक डबा असतो. ब्रेक दाबला की तो जागा होतो आणि बस थांबेपर्यंत दर सेकंदाला तिचा वेग एका अरुंद कागदावर छापत जातो. अपघात झाला की तो कागद मास्तरांच्या टेबलावर. मास्तर तासाचे किलोमीटर सेकंदाच्या मीटरमध्ये आणायचे, वेग किती उतरला ते काढायचे आणि तो किती सेकंदांत उतरला त्याने भागायचे. झालं काम. वेग दर सेकंदाला किती बदलला, याला शाळेच्या पुस्तकात त्वरण म्हणतात. वेग वाढण्याऐवजी उतरत असला तर तेच उणे त्वरण. डेपोत मात्र एवढं तोंड वाकडं करून कोण बोलतो? तिथे त्याला नुसतं 'आकडा' म्हणायचे. "आकडा किती आला, मास्तर?" एवढंच विचारायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं.

नियम सरळ होता. गाडीचे ब्रेक ठणठणीत असले आणि ड्रायव्हरने ते जीव खाऊन दाबले, तर आकडा साडेचारच्या वर यायलाच हवा. वर्कशॉपने 'ब्रेक ठीक' म्हणून लिहून दिलं आणि तरीही आकडा साडेचारच्या खाली आला, तर अर्थ एकच. ड्रायव्हरचा पाय कमी पडला. लक्ष नव्हतं, नाहीतर ऐनवेळी कचरला. मग नोकरी गेली म्हणूनच समजा.

तीन वर्षांपूर्वी असाच एक कागद मास्तरांपुढे आला होता आणि तो त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा होता. आडव्या गल्लीतून एक सायकलवाला अचानक पुढे आला. बस थांबली, पण दोन हात पुढे जाऊन थांबली. सायकलवाला जागच्या जागी गेला. आकडा आला पावणेचार. दादा या खोलीत येऊन समोरच्या खुर्चीत बसला होता. "अरे, पाय मोडेल इतका दाबला होता रे मी," एवढंच तो सारखं म्हणत होता. मास्तरांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "दादा, मशीनला भाऊबहीण नसतात."

डेपोची एक रीत होती. चौकशीला उभं राहण्याआधी ड्रायव्हरने आकड्याखाली 'मान्य' लिहून सही करायची. दादाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. "तू काढलायस ना? मग बरोबरच असणार," असं म्हणून त्याने सही ठोकली होती.

दादाची नोकरी गेली आणि मास्तरांचं नाव झालं. सख्ख्या भावालाही सोडलं नाही, माणूस असावा तर असा! साहेबांनी भरसभेत पाठ थोपटली. दादा भांडला नाही, ओरडला नाही, त्याने नुसतं बोलणं बंद केलं. दोन गल्ल्या सोडून घर, पण तीन वर्षांत पाऊल पडलं नाही. मास्तरांना हे लागत होतं. पण कौतुकाचीही सवय झाली होती, खोटं कशाला बोला.

आज दुपारी बारा वाजता ड्रायव्हरबाईंची चौकशी होती.

ड्रायव्हरबाई म्हणजे डेपोतली एकुलती एक बाई ड्रायव्हर. आठ वर्षं स्टिअरिंगवर, गाडीला साधा ओरखडा नाही. मागच्या आठवड्यात गावाबाहेरच्या रस्त्यावर एक मोटारसायकल उलट्या बाजूने बसच्या पुढ्यात घुसली. तिच्यावरचा माणूस दवाखान्यात होता, मांडीचं हाड मोडलेलं. वर्कशॉपच्या फोरमनने ब्रेक ठीक असल्याचं लिहून दिलं होतं. मास्तरांचा आकडा आला होता चार.

सव्वादहाला त्या आल्या, खुर्चीवर बसल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या. मास्तरांनी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"सही करायची असते, बाई."

"माहितेय. पण मान्य नाही."

"मान्य नसायला तो काय माझ्या घरचा आकडा आहे? मशीनचा आहे."

"मशीनने वेग छापला, मास्तर. आकडा तुम्ही काढला." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण हात मांडीवर घट्ट आवळलेले होते. "मी ब्रेक पूर्ण दाबला होता. सीटवरून उठले होते मी, इतका. मला एकदा करून दाखवा, तो आकडा येतो कसा. घरी दोन पोरं आहेत माझी. नोकरी जाणारच असेल तर निदान कशाने गेली ते कळू दे."

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तीन वर्षांत त्यांना कुणी करून दाखवा म्हणालं नव्हतं. पण बाई हलायला तयार नव्हत्या. शेवटी त्यांनी कागद दोघांच्या मध्ये ठेवला.

"बघा. ही पहिली ओळ, बहात्तर. तुम्ही पेडलला पाय लावला तेव्हाचा वेग. मग पंचावन्न, पस्तीस, अठरा, आणि शून्य. तासाला बहात्तर किलोमीटर म्हणजे सेकंदाला वीस मीटर. विसाचा झाला शून्य, म्हणजे वेग उतरला वीस. ओळी किती? पाच. सेकंद पाच. वीस भागिले पाच, चार. यात माझं काही चुकलंय का?"

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. मग त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे छापलं तेव्हा किती सेकंद झाले होते?"

"एक."

"कसा काय एक? मी तेव्हा नुकता पाय लावला होता ना?"

"अहो, पहिली ओळ म्हणजे पहिला सेकंद. साधी गोष्ट आहे."

"मास्तर, रागावू नका." बाई पुढे वाकल्या. "पण गाडी शिकवताना आम्हाला अंतर मोजायला शिकवतात. पुढची गाडी खांबापाशी आली की मोजायला लागायचं, आपली गाडी तिथे पोचेपर्यंत. खांबाला आम्ही एक म्हणत नाही. खांबाला शून्य. तिथून एक सेकंद गेला की मग एक. खांबालाच एक म्हटलं तर मोजणी चुकते, आणि चुकली की माणूस पुढच्या गाडीत घुसतो. पहिल्याच दिवशी त्यावरून शिव्या खाल्ल्यात मी."

त्यांनी डाव्या हाताची पाचही बोटं टेबलावर पसरली आणि उजव्या हाताच्या बोटाने मधल्या फटी मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

मास्तर त्या बोटांकडे बघत राहिले. आधी त्यांना राग आला. ही कोण मला शिकवणार! मग राग कुठल्या कुठे गेला. पहिल्या ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत एक सेकंद. दुसरीपासून तिसरीपर्यंत दुसरा. ओळी पाच, सेकंद चार. वीस भागिले चार म्हणजे पाच. साडेचारच्या वर, चांगलाच वर. बाईंनी ब्रेक पूर्ण दाबला होता.

त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेला कागद चिकटवलेला होता. 'जितक्या ओळी, तितके सेकंद.' साडेतीन वर्षांपूर्वी, नवीन मशीन आलं तेव्हा त्यांनी तो लावला होता. जुन्या मशीनचा कागद चौकटींचा असायचा. एक चौकट म्हणजे एक सेकंद, मोजा चौकटी आणि भागा. अठरा वर्षं चौकटी मोजल्या होत्या त्यांनी. नवीन मशीनने चौकटींऐवजी ओळी छापल्या आणि यांनी चौकटीच्या जागी ओळ धरली. डोकं चालवलंच नाही! एवढी साधी गोष्ट, पोरांनाही कळेल अशी, आणि मास्तर म्हणवणाऱ्या माणसाला साडेतीन वर्षं कळली नव्हती.

"मास्तर? पाणी देऊ का?"

मास्तरांनी मान हलवली. ते उठले, तिसऱ्या कपाटापाशी गेले आणि खालच्या कप्प्यातली फाइल न शोधताच त्यांच्या हाताला लागली. तीन वर्षांत ती उघडली नव्हती, पण जागा पाठ होती. आतल्या कागदावर चार ओळी. चोपन्न, सदतीस, सतरा, शून्य. चोपन्न म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. पंधरा भागिले चार, पावणेचार, मान्य, आणि त्याखाली दादाची सही.

ओळी चार, म्हणजे सेकंद तीन. पंधरा भागिले तीन.

भागाकार करायला कागद लागत नव्हता. तरी त्यांनी तो कागदावर केला, दोनदा केला. पाच. दोन्ही वेळा पाच.

"कुणाची फाइल आहे?" बाईंनी विचारलं.

"जुनी आहे," मास्तर म्हणाले, आणि फाइल मिटली. तिच्यावरचं नाव बाईंना दिसू नये म्हणून त्यांनी ती टेबलाखाली धरली. "तुम्ही बरोबर आहात, बाई. आकडा पाच आहे. मी चौकशीत सांगतो. सही करू नका."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तशाच उठून बाहेर गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आता खोलीत मास्तर आणि ती फाइल. साडेतीन वर्षांत असे चौदा कागद आले होते. बाकीच्या बारांमध्ये कुणाला खरचटलंही नव्हतं, त्यामुळे आकडा कुणी पाहिलाच नव्हता. प्रश्न दोनच फायलींचा होता, आणि त्यातली एक दुपारी बारानंतर सुटणार होती. दुसरीबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. ती परत खालच्या कप्प्यात ठेवली असती तर जगात कुणाला पत्ता लागणार नव्हता. दादालाही नाही. मास्तरांच्या मनात हे आलं, आणि आलं हे त्यांना स्वतःलाच कळलं. त्यांना स्वतःची किळस आली. पण फाइल हातात घेऊन उठायला त्यांना बारा वाजायला पाच कमी होईपर्यंत वेळ लागला, हेही खरं.

साहेबांच्या खोलीत तिघंच होते. टेबलामागे साहेब, बाजूला फोरमन, भिंतीपाशी ताठ बसलेल्या ड्रायव्हरबाई. मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. ओळी, सेकंद, वीस भागिले चार. फोरमनने बोटांवर मोजून पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा!"

साहेबांनी बाईंना बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं.

"चांगलं झालं वेळेवर लक्षात आलं," साहेब म्हणाले. "भागाकारात चूक झाली असं लिहा, आकडा दुरुस्त करा, बाईंना कामावर घेऊ. विषय संपला."

"भागाकारात चूक नाही झाली, साहेब. पद्धतच चुकीची होती. पहिल्यापासून."

साहेबांची नजर मास्तरांच्या काखेतल्या फाइलवर गेली. माणूस बेरका होता, त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते हळू आवाजात बोलले.

"मास्तर, खाली बसा. हे बघा, पद्धत चुकीची म्हटलंत की वरून माणसं येतील. सगळी कपाटं उघडतील. तुमची दोन वर्षं राहिलीत. ज्या गोष्टीसाठी डेपो तुम्हाला हात जोडतो, त्याच गोष्टीवरून छी-थू होईल. आणि तीन वर्षांपूर्वीची सही तर खुद्द ड्रायव्हरची आहे. मान्य म्हणून. आता उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

मास्तर बसले नाहीत. त्यांना वाटलं, साहेब म्हणतात ते अगदी खोटंही नाही. दादाला आता कुणी बस देणार नव्हतं, त्याचं वय उलटून गेलं होतं. सायकलवाला परत येणार नव्हता. समोर कोरा कागद होता, पेन होतं, आणि लिहायच्या होत्या फक्त दोन ओळी.

"त्याने सही केली, साहेब, कारण आकडा मी काढला होता," मास्तर म्हणाले. "त्याने वाचलंसुद्धा नाही."

त्यांनी पेन घेतलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार येत नव्हतं. दोन ओळींऐवजी पान भरलं. नवीन मशीन आल्यापासूनची मोजण्याची रीत, ती कुणी घातली, कशी चुकली. मग दोन्ही फायलींचे क्रमांक, दोन्ही खरे आकडे. खाली सही. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि "तुमची मर्जी" एवढंच म्हटलं. फोरमन खिडकीबाहेर बघत होता.

बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. मास्तरांनी मान डोलावली तशा त्या रडायला लागल्या, मग हसल्या, मग पुन्हा रडल्या. मास्तर थांबले नाहीत. त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

दादाच्या घरी वहिनीने दार उघडलं. दारात दीर बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "कुणाला काही झालंय का?" हाच तिचा पहिला प्रश्न.

"नाही, वहिनी. दादा आहे?"

दादा आतल्या खोलीत होता. तो आता लाकडाच्या वखारीत सकाळपाळीला जायचा आणि दुपारी घरी असायचा. खाटेच्या पायथ्याची फळी निखळली होती आणि तो ती खिळे मारून बसवत होता. मास्तरांना बघून त्याने हातोडी खाली ठेवली, पण बस म्हणाला नाही.

"कितव्यांदा बसवतायत ती," वहिनी मागून म्हणाली. तिला गप्प उभं राहवेना. "झोपेत उजवा पाय ताणून ताणून मारतात. महिना काढत नाही फळी."

"तू आत जा," दादा म्हणाला. ती गेली नाही.

मास्तरांनी वाटेत खूप काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी फाइलमधला कागद काढला आणि खाटेवर दादापुढे ठेवला.

"माझं चुकलं, दादा. मी सेकंद चुकीचे मोजले. एक जास्त मोजला. आकडा पावणेचार नव्हता."

"किती होता?"

"पाच."

दादा ड्रायव्हरच होता शेवटी. पाच म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागलं नाही. तरी तो कागदाकडे बघत राहिला. मास्तर वाट बघत होते की तो आता ओरडेल, अंगावर धावून येईल, नोकरीचं काढेल, घराचे हाल काढेल. काढायलाच हवं होतं. मास्तर त्यासाठीच आले होते.

"म्हणजे मी दाबला होता," दादा म्हणाला.

"दाबला होता. पूर्ण. त्याहून जास्त कुणाला दाबता आला नसता. ती बस त्याच्या आधी थांबूच शकत नव्हती."

"आधी मला पक्कं आठवत होतं," दादा सावकाश बोलायला लागला. "पायाला कळ लागली होती तीसुद्धा आठवत होती. पण तू आकडा काढलास. तू कधी चुकत नाहीस. म्हटलं, आपणच विसरलो असू. मग रोज आठवून बघायला लागलो. बघता बघता मला दिसायलाच लागलं रे, की पाय अर्ध्यात थांबलाय. सायकलवरच्या माणसाचं तोंड दिसतंय आणि पाय अर्ध्यात थांबलाय. तीन वर्षं मला तेवढंच दिसतंय."

वहिनीने पदर तोंडाला लावला. मास्तर खाली जमिनीवरच बसले, भावाच्या पायाशी. आजवर आपण दादाची फक्त नोकरी घेतली, एवढंच ते समजत होते.

मग दादाने तो अरुंद कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि शेवटी धाकट्या भावाच्या हातात दिला.

"मोज," तो म्हणाला. "माझ्यासमोर मोज."

मास्तरांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "शून्य." बोट एकेक ओळ खाली उतरलं. "एक. दोन. तीन."

"परत."

त्यांनी परत मोजलं. मग आणखी एकदा. दादाने उजवा पाय जमिनीवर घट्ट रोवला होता, टाच उचललेली, चवडा दाबलेला, पोटरीची शीर ताठ. चौथ्यांदा मोजून झालं तेव्हा त्याने टाच खाली टेकवली.